‘पंक’ : एका शिवीचा माग

शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’ या नाटकाच्या शेवटच्या अंकात मारियाना सांगते, की ती कुमारिका नाही, विवाहिता नाही, विधवाही नाही. त्यावर लुशिओ मध्येच तोंड घालतो : मग ती ‘पंक’ असेल. म्हणजे वेश्या. नाटक १६०४च्या सुमाराचे, हाती असलेली संहिता १६२३च्या ‘फोलिओ’ या नाट्यसंग्रहातली. शब्दाचा अर्थ नाटकात कुणी सांगत नाही, त्या अर्थी लंडनच्या प्रेक्षकांना तो पाठ होता. तो आला कुठून, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

उत्तर अमेरिकेतल्या इंग्रजीत याच उच्चाराचा दुसरा शब्द सापडतो : ठिणगी चटकन धरणारे कुजके, भुसभुशीत लाकूड. काही कोशकार त्याचे मूळ डेलावेअर या मूलनिवासी भाषेतल्या राख-धूळ अशा अर्थाच्या शब्दात शोधतात. कुजके लाकूड, म्हणून टाकाऊ वस्तू, म्हणून टाकाऊ माणूस, अशी साखळी जुळवायचा मोह होतो. मला ती पटत नाही, कारण माणसाला लावलेल्या शब्दाचा पुरावा तुरुंगात आहे.

अराजकतावादी अलेक्झांडर बर्कमनने १८९२मध्ये उद्योगपती हेन्री क्ले फ्रिकवर गोळ्या झाडल्या आणि चौदा वर्षे कैद भोगली. त्याच्या तुरुंगातल्या आठवणी १९१२मध्ये छापल्या गेल्या. त्यांत एक मुरलेला कैदी त्याला समजावतो, की पुरुषाला शरीर देणारा पोरगा म्हणजे ‘पंक’. बर्कमनला हे ठाऊक नव्हते, म्हणूनच खुलासा एवढ्या तपशिलाने कागदावर उतरला. संवाद आठवणीतून लिहिलेला, तेव्हा शब्दन् शब्द प्रमाण मानू नये. अर्थाबद्दल शंका उरत नाही. लंडनच्या रंगभूमीवरची बाई आणि पेनसिल्व्हेनियाच्या कोठडीतला पोरगा, दोघांवरही दुसऱ्याची सत्ता. मधल्या तीन शतकांची वाट अखंड दाखवता येत नसली, तरी हे नाते मला खरे वाटते. पुढे ‘भुरटा गुंड’, ‘वाया गेलेले पोर’ हे अर्थ रूढ झाले.

संगीताच्या बाबतीत तारखा नीट लावाव्या लागतात. ‘पंक रॉक’ या नावाचे श्रेय अनेकदा समीक्षक डेव्ह मार्शला दिले जाते. ‘क्रीम’ मासिकाच्या मे १९७१च्या अंकात त्याने ते मिशिगनच्या ‘क्वेश्चन मार्क अँड द मिस्टेरियन्स’ या बँडसंदर्भात वापरले. पण २२ मार्च १९७०च्या ‘शिकागो ट्रिब्यून’मध्ये गायक एड सँडर्सने स्वतःच्याच अल्बमचे वर्णन त्या शब्दांत केले होते. मला हा पुरावा मोलाचा वाटतो : इथे दुसऱ्याने फेकलेली शिवी कलावंत आपणहून अंगावर घेतो. १९७२च्या ‘नगेट्स’ या संग्रहासोबतच्या टिपणात संकलक लेनी केने हे नाव साठच्या दशकातल्या बँडना दिले, म्हणजे मागे वळून.

हे नाव लंडनने आधी लावले असेही नाही : तिथल्या ‘१०० क्लब’मधला पंक महोत्सव सप्टेंबर १९७६चा. न्यूयॉर्कमध्ये जॉन होल्मस्ट्रॉम आणि त्याच्या सोबत्यांनी ‘पंक’ नावाचे मासिक त्याच वर्षीच्या जानेवारीत काढले होते.