बर्फवाटेवरील शमरोनी

रविवारचे मिस्साबलिदान आटोपून आम्ही ख्रिस्तमंदिराच्या पायऱ्या उतरत होतो, तोच आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ आपल्या मुलाचा हात धरून पुढे आले. मुलगा नुकताच बारावी उत्तीर्ण झालेला. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचे शिक्षण घ्यावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. बर्फाच्या डोंगरांवर, स्कीइंगच्या ठिकाणी जखमींना उचलून आणणाऱ्या पथकांविषयी त्याने कुठेतरी वाचले होते आणि तेव्हापासून त्याला हा ध्यास लागला होता. वडील वैतागून म्हणाले, “फादर, आता तुम्हीच समजवा त्याला. मराठवाड्यात उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळत नाही, आणि ह्याला बर्फातली माणसं वाचवायचीत! डॉक्टर होत असता तर गोष्ट वेगळी. अँब्युलन्सवरचा पोऱ्या म्हणून लोक हाक मारतील.”

त्या दिवशी आम्ही त्यांना नीटसे उत्तर देऊ शकलो नाही. ‘पोऱ्या’ हा शब्द मात्र मनात सलत राहिला. ज्या कामाला आपण इतक्या सहजपणे हलके ठरवतो, त्या कामाचा इतिहास काय, याचा शोध घेऊ लागलो, आणि वाचकहो, तो शोध आम्हाला थेट आपल्या प्रधान मंदिराच्या दारापाशी घेऊन आला.

छत्रपती संभाजीनगर येथील आपले प्रधान मंदिर संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाने उभे आहे. आपला औरंगाबाद धर्मप्रांत 1977 साली स्थापन झाला. परंतु या भूमीत श्रद्धेचे बीज त्यापूर्वीच पडले होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात संत फ्रान्सिस डी सेल्स यांचे मिशनरी मराठवाड्यात आले. त्यांची संस्था फादर मेरमिये यांनी 1838 साली सव्हॉय प्रांतातील आन्सी या गावी स्थापन केली. आन्सी हे आल्प्स पर्वताच्या कुशीत, सरोवराच्या काठी वसलेले नगर. म्हणजे आपल्या उन्हाळी प्रदेशात शुभवर्तमान घेऊन आलेले ते पहिले धर्मगुरू बर्फाच्या देशातील होते. बर्फ कुठे आणि मराठवाडा कुठे, असे आपण म्हणतो खरे, पण आपल्या श्रद्धेचे एक मूळ त्या बर्फातच आहे.

आन्सीच्या त्याच सरोवराच्या काठी मांतों नावाचे गाव आहे. परंपरेनुसार तेथील सरदार घराण्यात संत बर्नार्ड यांचा जन्म झाला. पुढे ते इटलीतील आओस्ता येथे आर्चडीकन झाले. आल्प्स ओलांडून रोमला जाणारे यात्रेकरू आणि व्यापारी खिंडीत हिमवादळात सापडून मरत, चोरांच्या हाती लागत. सुमारे 2470 मीटर उंचीवरील त्या खिंडीत अकराव्या शतकात, साधारण 1050 च्या सुमारास, बर्नार्ड यांनी एक आश्रयगृह उभारले. आपल्या कळसूबाईची उंची 1646 मीटर, हे लक्षात घेतले म्हणजे त्या जागेची कल्पना येईल. आज त्या खिंडीला ‘ग्रेट सेंट बर्नार्ड’ म्हणतात.

संत आगुस्तीन यांच्या नियमाने राहणारे धर्मबंधू तेथे शतकानुशतके राहत आले. आल्या-गेल्याची जात, पंथ वा देश न विचारता अन्न आणि निवारा देणे हे त्यांचे व्रत. मात्र दार उघडे ठेवून ते आत बसून राहिले नाहीत. हिवाळ्यात एखादा धर्मबंधू आणि ‘मारोनिये’ म्हणून ओळखला जाणारा सेवक-वाटाड्या भाकरी आणि द्राक्षारस बरोबर घेऊन खिंडीच्या उतारावर जात आणि कोणी वाटेत पडले आहे का, ते पाहत. पुढे सतराव्या शतकात तेथे कुत्री पाळली जाऊ लागली. 1800 ते 1814 या काळात जगलेल्या ‘बॅरी’ नावाच्या कुत्र्याने चाळीसहून अधिक लोकांचे प्राण वाचविल्याचे सांगितले जाते. कुत्र्याच्या गळ्यातील ते लहानसे पिंप मात्र चित्रकारांची देणगी. इतिहासात त्याला आधार नाही.

या कथेतील कुत्रे सर्वांना ठाऊक असते, माणसे ठाऊक नसतात. तेथे येणारे धर्मबंधू ऐन तारुण्यात येत. विरळ हवा आणि जीवघेणी थंडी यांमुळे अनेकांची प्रकृती काही वर्षांतच खालावे आणि त्यांना खाली परतावे लागे. नवशिक्याला वाटेच्या खुणा, वाऱ्याचा रोख, बर्फ केव्हा कोसळेल याची चाहूल, हे सारे जुन्या वाटाड्याच्या मागे चालत शिकावे लागे. ज्यांना वाचविता आले नाही, त्यांचे देह ते एका लहान दगडी घरात ठेवीत. खडकाळ, गोठलेल्या भूमीत दफन शक्य नसे, आणि कोणी नातलग कधीतरी ओळख पटवायला येईल, अशी आशाही असे. मृतालाही नाव असते, हे ते विसरले नाहीत.

1923 साली पोप अकरावे पायस यांनी संत बर्नार्ड यांना आल्प्सवासीयांचे आणि गिर्यारोहकांचे आश्रयदाते संत घोषित केले. हे पोप स्वतः उत्तम गिर्यारोहक होते. 1889 साली तरुण धर्मगुरू असताना त्यांनी माँते रोझा पर्वताची अवघड पूर्व बाजू चढून पार केली होती. विशेष म्हणजे घोषणेचे ते पत्र आन्सीच्या महागुरूंना उद्देशून होते.

त्याच सुमारास बर्फाचे रूप पालटत होते. 1924 साली आन्सीच्याच परगण्यातील शामोनी येथे पहिली हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा झाली. ज्या उतारांवर लोक नाइलाजाने पाऊल टाकीत, तेथे आता ते हौसेने पायांना लांब पट्ट्या बांधून घसरू लागले. हौस आली, तसे अपघातही आले. पण वाट पाहत बसणारे धर्मबंधू प्रत्येक डोंगरावर कुठून असणार?

अमेरिकेतील चार्ल्स मायनॉट डोल या गृहस्थाला हे स्वतःच्या शरीरावर कळले. 1936 च्या आरंभी व्हरमाँट राज्यातील स्टो येथे स्कीइंग करताना त्याच्या पायाचा घोटा मोडला. तो बर्फात पडून राहिला. मित्र प्रेमळ होते, पण काय करावे हे कोणालाच ठाऊक नव्हते. अखेर छपराच्या पत्र्याच्या तुकड्यावर घालून त्याला खाली आणले गेले. त्यानंतर काही आठवड्यांतच त्याचा एक जवळचा मित्र स्कीइंगच्या शर्यतीत जखमी होऊन मरण पावला. डोलने अपघातांचा अभ्यास आरंभिला, तेव्हा काहींनी त्याला भित्रा म्हणून हिणवले. तरीही 1938 साली त्याने ‘नॅशनल स्की पेट्रोल’ ही संघटना उभी केली. प्रथमोपचाराचे रीतसर शिक्षण घेतल्याशिवाय तिच्यात कोणालाही प्रवेश नव्हता.

या पथकात नव्याने येणाऱ्याला पहिला धडा कोणता मिळतो? धावत सुटू नये, हा! आधी थांबून पाहायचे: वरून बर्फ कोसळण्याचा धोका आहे काय, दुसरा कोणी वेगाने येऊन आदळेल काय? बचावणाराच जखमी झाला, तर एकाचे दोन रुग्ण होतात. मग श्वास पाहायचा, रक्तस्राव थांबवायचा, मान आणि पाठीचा कणा हलू द्यायचा नाही, मोडलेले हाड फळीने स्थिर करायचे आणि घसरगाडीवर बांधून रुग्णाला सावकाश उतरवायचे. हिमलोटाखाली गाडल्या गेलेल्यांपैकी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात. अर्धा तास उलटला की आशा झपाट्याने मावळते. म्हणून तेथे घाई हवी, परंतु ती शिकलेल्या हातांची घाई.

थंडीने गारठलेल्या माणसाला घाईने मृत समजू नये, हाही त्यांचा एक नियम. 1999 साली नॉर्वेतील नार्विकजवळ स्कीइंग करताना आना बोगेनहोल्म ही तरुण डॉक्टर गोठलेल्या ओढ्यात पडून बर्फाखाली अडकली. सुमारे ऐंशी मिनिटांनी तिला बाहेर काढले तेव्हा हृदय बंद होते. शरीराचे तापमान 13.7 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. सोबत्यांनी आणि बचावपथकाने वाटेत छातीवर दाब देणे थांबविले नाही. ट्रोम्सोच्या रुग्णालयात तासन्‌तास प्रयत्न झाले आणि ती जगली. जगली ती डॉक्टरांमुळे, यात शंका नाही. पण डॉक्टरांपर्यंत तिला कोणी पोचविले?

आता ‘पोऱ्या’ या शब्दाकडे वळू. 1960 च्या दशकापर्यंत अमेरिकेतही सुमारे निम्म्या रुग्णवाहिका अंत्यविधी करणाऱ्या दुकानांच्या असत. 1966 साली डॉ. पीटर साफार यांची लहान मुलगी दम्याच्या झटक्याने दगावली. पुढल्याच वर्षी पिट्सबर्ग शहरातील एका गरीब कृष्णवर्णीय वस्तीतून ‘फ्रीडम हाउस’ रुग्णवाहिका सेवा सुरू झाली. ज्यांना कोणी कामावर घेत नव्हते, अशा तरुणांना साफार यांनी सुमारे तीनशे तासांचे शिक्षण दिले. हेच तरुण त्या देशातील पहिल्या प्रशिक्षित पॅरामेडिकांपैकी ठरले. 1975 साली शहराने ती सेवा बंद केली. पण त्यांनी घालून दिलेली रीत देशभर पसरली. समाजाने कडेला लोटलेल्यांनी समाजाचे प्राण वाचविले, हे आपल्या मराठवाड्यातील ख्रिस्ती कुटुंबांना वेगळे समजावून सांगायला नको.

आपल्या देशात बर्फावरील हे काम गुलमर्गला दिसते. तेथे 2010 च्या फेब्रुवारीत हिमलोटाखाली सापडून प्रशिक्षण घेणारे सतरा सैनिक मृत्युमुखी पडले. शिकलेल्यांनाही डोंगर सूट देत नाही. मैदानी प्रदेशातील ‘108’ सेवा 2005 साली हैदराबादहून सुरू झाली. महाराष्ट्रात ती 2014 साली 937 रुग्णवाहिकांसह आली आणि आपल्याकडे गाडीत डॉक्टर नेमले गेले. 2021 च्या केंद्रीय कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ हा मान्यताप्राप्त आरोग्य व्यवसाय ठरला. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस-कचेरीचा त्रास होऊ नये, म्हणून 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण दिले आणि 2019 च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात त्याचे कलमच झाले. जगाने या मदतगाराला ‘दयाळू शमरोनी’ हेच नाव दिले आहे.

बर्फ नसला तरी उतार आपल्याकडेही आहेत. 2023 च्या ऑक्टोबरात वैजापूरजवळ समृद्धी महामार्गावर एकाच अपघातात बारा जण दगावले. अशा वेळी भोवती गर्दी जमते. गर्दीत हळहळ असते, क्वचित मोबाइलचे कॅमेरेही असतात. पण जखमीची मान कशी धरावी हे जाणणारा एखादाच असतो, किंवा नसतोच.

संत लूक यांच्या शुभवर्तमानातील तो दृष्टांत आम्ही सेमिनरीपासून वाचत आलो, त्यावर कितीदा प्रवचने दिली. शमरोनी माणसाच्या मनात करुणा दाटून आली, यावर आम्ही नेहमी भर दिला. त्याच्याजवळ तेल आणि द्राक्षारस होता, जखमा कशा बांधाव्यात हे त्याला कळत होते, जखमीला आपल्या जनावरावर बसवून त्याने उतारशाळेपर्यंत नेले आणि पुढच्या शुश्रूषेची सोयही लावली, याकडे आमचे लक्षच गेले नव्हते. करुणा कदाचित याजकाच्या मनातही आली असेल. हात मात्र शमरोन्याचे चालले.

पुढच्या रविवारी त्या गृहस्थांना आम्ही हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग मुलाकडे न पाहताच म्हणाले, “फादर, फी भरायची शेवटची तारीख कधी आहे, तेवढं त्याला विचारा.”