खळं, बलुतं आणि वाटीभर माडगं

परवा नातीला फोनवर माडगं कसं करायचं ते सांगत होतो. हुलगे भाजून दळायचे, पीठ पाण्यात कालवून गुळाच्या उकळत्या पाण्यात सोडायचं, चिमूटभर मीठ. एवढंच! पण सांगता सांगता मी पोचलो थेट खळ्यावर. तिला तेवढा वेळ नव्हता, म्हणून बाकीचं इथे लिहितो.

आमचं रान माण तालुक्यातलं, जिरायत. होळीच्या सुमारास शाळू उपटून व्हायचा, कणसं मोडून खळ्यावर यायची. खळं आधी चोपून, शेणाने सारवून घ्यायचं, मधे तिवडा रोवायचा आणि मुसकी बांधलेल्या बैलांची पात त्याभोवती फिरवायची. मग वावडीवर उभं राहून उफणणी. वारा पडला की दादा (आम्ही वडिलांना दादा म्हणत असू) पाटी हातात धरून तासभर ताटकळायचे. घरी त्याच दिवसांत कुरडया-सांडग्यांची गर्दी, तरी आई दुपारी भाकरी, कांदा आणि माडग्याचं मडकं घेऊन खळ्यावर हजर.

रास अधोलीने मोजायची. पहिलं माप 'एक' म्हणून नाही मोजायचं, 'लाभ' म्हणायचं. पुढे दोन, तीन... आणि मग बलुतं. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' (१९१५) या पुस्तकात बलुतेदारांच्या ओळी दिल्या आहेत. सुतार, लोहार यांच्याबरोबर महारही थोरल्या ओळीत. हिशेबात पहिली ओळ, आणि खळ्यावर? आमच्याकडचे म्हातारे वेसकर खळ्याच्या कडेबाहेर उभे राहायचे, त्यांच्या पसरलेल्या घोंगडीत दादा वरून धान्य ओतायचे. शेवटी मातीत मिसळलेलं मातेरं झाडून न्यायचं, तेही त्यांनीच. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करायला हवं.

बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात महार वतनाबद्दलचं विधेयक मांडलं होतं. बलुत्याऐवजी रोख पगार द्या, ही त्यातली मागणी. ते काही तेव्हा झालं नाही. १९५६ साली धर्मांतर झालं, १९५८ साली कनिष्ठ वतनं रद्द करण्याचा कायदा आला. त्यानंतरच्या एका चैत्रात रास मोजून झाली तरी वेसकर आले नाहीत. दादांनी वाटा बाजूला काढला आणि संध्याकाळी मला निरोप घेऊन पाठवलं. मी आठ-नऊ वर्षांचा असेन.

म्हातारे अंगणात दोरी वळत बसले होते. म्हणाले, "दादांना सांग बाळ, आता आमी बलुतं घेत न्हाई. मजुरीनं बोलवा, येतू." आवाज नेहमीसारखाच. मी जायला वळलो तर आजी आतून वाटी घेऊन आल्या. माडगं! गुळाचा वास आमच्या घरच्यासारखाच. मी दिवसभर खळ्यावर होतो, पोटात कावळे ओरडत होते.

"पोट भरलंय," म्हणालो आणि पळत सुटलो.

त्यांनी आग्रह केला नाही. दादांना मी निरोप सांगितला, वाटीचं कुणालाच सांगितलं नाही. आईलाही नाही.

पुढच्या वर्षी ते आणि त्यांचा मुलगा मळणीला आले, मजुरीवर. दादांनी रोख पैसे मोजून दिले. मातेरं तसंच पडलं होतं. ते आमच्या कोंबड्यांनी खाल्लं.