कुरू : ‘नातेवाईक’ म्हणजे नक्की कोण?

१९५७ साली पापुआ न्यू गिनीच्या पूर्वेकडच्या डोंगराळ भागातला एक आजार वैद्यकीय जगासमोर आला. व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गायडुसेक या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. तिथले फोरे लोक त्याला ‘कुरू’ म्हणत, म्हणजे थरथर. आधी तोल जायचा, मग अंग कापायचं, शेवटी घास गिळता यायचा नाही. बहुतेक रोगी साधारण वर्षभरात दगावत. साथ जोरात असताना वर्षाला २०० च्या आसपास माणसं गेली. त्यात बायका आणि मुलं जास्त, प्रौढ पुरुष अगदी थोडे.

एवढं आकड्यांतून कळलं. जंतू सापडत नव्हता. आजार एकाच घरात पुन्हा पुन्हा दिसायचा, म्हणून तो आनुवंशिक असावा असा अंदाज बांधला गेला. जनुकाचा प्रसार होऊ नये म्हणून फोरे लोकांच्या बाहेर जाण्यावर बंधनं घालण्यापर्यंत विचार गेला.

१९६१ मध्ये शर्ली लिंडेनबॉम आणि रॉबर्ट ग्लास हे मानववंशशास्त्रज्ञ तिथे राहायला गेले. वंशावळी लिहून घेणं हे त्यांचं काम होतं. बोलता बोलता दोन गोष्टी उघड झाल्या. एक, फोरे ज्यांना नातेवाईक म्हणत, ते सगळे रक्ताचे नव्हते. मानलेली नातीही तितकीच पक्की होती. दुसरी, म्हाताऱ्यांना कुरूचे पहिले रोगी आठवत होते. कोणत्या गावातून तो कुठे गेला, हेही सांगता येत होतं. म्हणजे आजार काही दशकांपूर्वीच आला होता. इतक्या कमी काळात जनुक असा पसरत नाही.

मग मृत्यूनंतरच्या रिवाजांबद्दल बोलणं झालं. मेलेल्या आप्ताचं मांस खाणं हा शोकाचा भाग होता. ते मुख्यतः बायका खात, आणि आईजवळची लहान मुलं. मुलगे थोडे मोठे झाले की पुरुषांच्या घरात राहायला जात. रोग्यांच्या यादीतलं कोडं इथे सुटत होतं.

१९६६ मध्ये गायडुसेक, गिब्ज आणि आल्पर्स यांनी दाखवून दिलं की, रोग्याच्या मेंदूतला अंश टोचल्यास चिंपांझीला हा आजार होतो. गायडुसेकना १९७६ चं नोबेल मिळालं. सरकारी दबावाखाली तो रिवाज १९५० च्या दशकात बंद पडत गेला होता. त्यानंतर जन्मलेल्या मुलांना कुरू झाला नाही. कारण प्रिऑन नावाचं बिघडलेलं प्रथिन, हे पुढे कळलं.

गुणात्मक संशोधन म्हणजे लोक म्हणतील ते सगळं खरं मानणं नव्हे. कुरू करणीमुळे होतो, असं फोरे लोक ठामपणे सांगत; ते चूक होतं. पण पहिला रोगी कोण, कधी, कुठे, ही त्यांची आठवण बरोबर होती. माणसाने लावलेला अर्थ आणि त्याने पाहिलेली घटना वेगळ्या काढायच्या, आणि दोन्ही जपून लिहून ठेवायच्या, ही या पद्धतीची शिस्त. फॉर्ममधला ‘नातं’ हा रकाना भरण्याआधी त्या शब्दाचा तिथला अर्थ विचारला गेला, आणि एका अख्ख्या समाजाच्या रक्तावर आलेला आरोप मागे पडला.