टिळकांनी काय सोडले, काय राखले

अहमदनगरच्या मंडळीत रेव्हरंड टिळकांची भजने म्हणतच मी लहानाची मोठी झाले. त्यांच्या कवितेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला मात्र त्यांच्या आयुष्याची अखेरची दोन वर्षे अधिक मोलाची वाटतात. पन्नाशी उलटली की माणसे जमवलेले जपू लागतात. टिळकांनी त्याच वयात ते सोडले.

नारायण वामन टिळक मूळचे कोकणातल्या करजगावचे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहाने एका भारतीय पाळकाच्या हातून. जात, घर, गोतावळा एका दिवसात सुटला. पत्नी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन नातलगांकडे राहिल्या. काही वर्षांनी त्या पतीकडे परतल्या, तरी सोवळे सुटले नव्हते. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा विचार त्यांनी स्वतःशी केला आणि उत्तर सापडल्यावर कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात त्यांनी हे सगळे विलक्षण मोकळेपणाने सांगितले आहे. १९०० साली त्यांचाही बाप्तिस्मा झाला.

जातीचे ओझे असे उतरले, तरी ख्रिस्ती झालेल्या त्या पिढीवर आणखी एक ओझे होते, आणि ते नवीन होते. अमेरिकन मराठी मिशनचे काम मुंबईत १८१३ साली आणि नगरला १८३१ साली सुरू झाले. ख्रिस्ती झालेल्या माणसाला भाऊबंद वाळीत टाकत, पोटापाण्याचे मार्ग बंद होत. अशा वेळी मिशनने शाळा दिली, नोकरी दिली, डोक्यावर छप्पर दिले. ते उपकार खरेच होते. पण हळूहळू मंडळीला ‘मायबाप’ मिशनकडे बघण्याची सवय जडली. पगार साहेबांकडून, निर्णय साहेबांचा, गाण्याची चालही साहेबांच्या देशातली. टिळक स्वतः मिशनचे पाळक होते, ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादक होते. ही परावलंबी श्रद्धा त्यांना सलत होती.

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यास घेतला. पगाराची हमी गेली. साताऱ्यात त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. येशूला गुरू मानणाऱ्या कोणालाही तिथे जागा होती, मग त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. पंथांची कुंपणेही त्यांना आता नकोशी झाली होती. प्रभूने आपल्या शिष्यांना झोळी आणि कमरेला पैसे न घेता वाटेला लावले होते. ती आज्ञा टिळकांनी साताऱ्यात शब्दशः जगून पाहिली.

त्यांनी राखले काय, हेही बघायला हवे. अभंग राखला, भजन-कीर्तन राखले. तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापाशी पोचलो, असे ते मानत. पूर्वीचे सगळे टाकल्याशिवाय ख्रिस्ती होता येत नाही, ही समजूतसुद्धा एक ओझेच होती, आणि ते त्यांनी आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरून उतरवले. ९ मे १९१९ रोजी मुंबईत ते वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देहाला अग्नी दिला गेला. अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या बाईला शाळा माहीत नव्हती, तिने महाकाव्याचे काम अंगावर घेतले.

ओझे म्हटले की आपल्याला पाप आठवते, लोभ आठवतो. टिळकांच्या चरित्रातून मी वेगळी गोष्ट शिकले. कधीकाळी ज्याने आपल्याला तारले तेही पुढे ओझे होऊ शकते, मग ती संस्था असो, पद असो वा पंथाचे नाव. म्हणून मंडळीच्या वार्षिक सभेत जमाखर्चाबरोबर हाही हिशेब व्हावा असे मला मनापासून वाटते: आपण जे धरून आहोत त्यातले काय आपल्याला प्रभूकडे नेते, आणि काय आपण केवळ सवयीने वाहतो आहोत? उत्तर मिळाले की सोडण्याचे धैर्यही मागावे. टिळकांना ते मिळाले, आपल्यालाही मिळेल.