जुन्या पैठणीची संग्रहासाठी खरेदी

जुनी पैठणी हे महाराष्ट्रातील संग्राहकांच्या विशेष आवडीचे वस्त्र आहे. पैठण व येवला येथील हातमागावर विणलेल्या या वस्त्राचे काठ आणि पदर रेशीम व जर यांचे असतात. युरोपात जुन्या लेसला जे स्थान आहे, साधारण तेच येथे जुन्या जरकाठी वस्त्रांना आहे. मात्र लेस वितळवून कोणाला काही मिळत नाही. पैठणीच्या जरीत चांदी असल्यामुळे अनेक जुनी लुगडी वजनावर विकून वितळवली गेली, आणि त्यांबरोबर वीणही नष्ट झाली.

जरीची परीक्षा
पारंपरिक जर ही चांदीची चपटी तार रेशमी धाग्यावर गुंडाळून व तिच्यावर सोन्याचा मुलामा देऊन तयार होते. नकली जरीत तांब्याची तार असते, तर प्लास्टिक जरीत धातूचा लेप दिलेली पॉलिएस्टरची पट्टी वापरतात. झिजलेल्या जागी पांढरी चमक दिसल्यास चांदीची, लालसर छटा दिसल्यास तांब्याची शक्यता अधिक. तरीही तांब्याच्या तारेला चांदीचा मुलामा दिलेला असू शकतो, म्हणून केवळ नजरेवर विसंबणे योग्य नाही. धागा ओढून जाळून पाहण्याची रीत वस्त्राची हानी करते. क्ष-किरणांच्या साहाय्याने होणाऱ्या धातुपरीक्षणात अशी हानी होत नाही.

काळनिर्णय
हातमागावरील अस्सल पैठणीची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते आणि मागे सुटे धागे लोंबत नाहीत. यावरून हातवीण सिद्ध होते, वय नव्हे. कारण आजही अशी पैठणी विणली जाते. रंग अधिक बोलका असतो. पहिला यशस्वी कृत्रिम रंग विल्यम पर्किन यांनी १८५६ मध्ये शोधला, तर पेशवाई १८१८ मध्येच संपली होती. त्यामुळे रासायनिक रंगांनी रंगवलेले वस्त्र ‘पेशवेकालीन’ म्हणून सांगितले जात असल्यास तो दावा टिकत नाही. पॉलिएस्टरचा शोध १९४१ मधील असल्याने मूळ विणीत त्याचा एक धागा आढळला, तरी वस्त्र त्यानंतरचे ठरते. ‘आजीच्या पेटीतली’ ही विक्रेत्याची कथा कितीही गोड असली, तरी तो पुरावा नव्हे.

जोडकाम
जुना पदर नव्या अंगाला जोडणे ही नेहमीची फसवणूक आहे. उल्हासनगरसारख्या कापडबाजारांत मीटरवर मिळणारी नवी किनार जुन्या रेशमाला शिवून देणेही अवघड नाही. अस्सल विणीत काठासाठी व अंगासाठी वेगळे धोटे चालतात आणि आडवे धागे काठाच्या सांध्यावर परस्परांत गुंततात. तेथे शिवण आढळल्यास वस्त्र जोडलेले किंवा दुरुस्त केलेले आहे असे समजावे. प्रामाणिक दुरुस्ती दोष नव्हे, पण ती किमतीत दिसली पाहिजे.

कायदा
पुरावशेष व कला संपदा अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक वा कलात्मक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते. अशा वस्तूंच्या व्यापारासाठी परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला त्या निर्यात करता येत नाहीत. परदेशी स्थायिक नातलगांना वडिलोपार्जित पैठणी पाठवू इच्छिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेता येतो.

जतन
प्लास्टिकच्या पिशवीत कोंडलेला ओलावा रेशमाला घातक असतो, तर हवेतील गंधकाच्या संयुगांमुळे चांदी काळवंडते. वस्त्र धुतलेल्या, खळ नसलेल्या सुती कापडात गुंडाळून ठेवतात व घडी अधूनमधून बदलतात. एकाच घडीवर जर तुटते. डांबराच्या गोळ्यांचा वस्त्राला स्पर्श होऊ देत नाहीत.