संस्कृत शिकायला बर्लिनला

मुलगा शिकायला परदेशी चालला म्हटले की आळीतली चार माणसे विचारतात, ‘काय शिकायला?’ यंत्रशास्त्र, वैद्यक, व्यापार असे काही उत्तर आले की त्यांचे समाधान होते. ‘भाषा शिकायला’ म्हटले की चेहरे जरा पडतात. आणि ती भाषा संस्कृत आहे असे कळले तर हसूच फुटायचे. काखेत कळसा आणि गावाला वळसा! पण शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मुंबईचा एक तरुण नेमका हाच वळसा घालून आला, आणि त्यामुळेच आपल्या काखेतला कळसा पुसून लख्ख झाला. त्या तरुणाचे नाव विष्णु सीताराम सुकथनकर.

जन्म १८८७ सालचा. तो विलायतेला गेला तो गणित शिकायला. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्याने ते पुरेही केले. त्या काळी विलायतेला गेलेला आपला मुलगा बॅरिस्टर होऊन तरी यायचा, नाही तर सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेला तरी बसायचा. याने मोहरा वळवला तो थेट बर्लिनच्या विद्यापीठाकडे. जर्मनीला आपली जुनी माणसे कौतुकाने ‘शार्मण्यदेश’ म्हणत. तिथले पंडित वेद छापतात, कोश रचतात, याचे आपल्याला केवढे अप्रूप! त्या शार्मण्यदेशी हाइन्रिख ल्यूडर्स नावाचे आचार्य होते. सुकथनकर त्यांचे शिष्य झाले.

ल्यूडर्स काय करीत होते ते ऐकण्यासारखे आहे. मध्य आशियातल्या वाळवंटात, तुर्फान आणि त्या बाजूच्या जुन्या ठाण्यांत, जर्मन मोहिमांना पोथ्यांचे ढीग सापडले होते. ढीग कसले, चिंध्याच त्या. बोटभर तुकड्यावर अर्धा श्लोक, दुसऱ्यावर चार अक्षरे. ल्यूडर्स आणि त्यांची पत्नी एल्झा हे तुकडे जुळवीत बसत. त्यांतल्याच ताडपत्रांच्या तुकड्यांतून अश्वघोषाच्या नाटकाचे अवशेष हाती आले आणि १९११ साली ते छापून निघाले. कालिदासाच्याही आधीचे नाटक, आणि ते सापडावे चिनी तुर्कस्तानच्या वाळूत! अशा गुरूच्या हाताखाली आपला विद्यार्थी बसला. प्रबंधासाठी त्याने विषय घेतला जैन वैयाकरण शाकटायन याच्या व्याकरणाचा. हा शाकटायन म्हणजे राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळातला, आपल्याच दख्खनचा माणूस.

बर्लिनला संस्कृत बोलणारे कुणी नव्हते. सूत्रे मुखोद्गत असलेला शास्त्री तिथे शोधूनही मिळाला नसता; त्यासाठी पुणे-काशीच बरी. तिथे होती ती एक वेगळीच शिस्त. समोरची ओळ कितीही गोड असो, ती आली कुठून, कुणाच्या पोथीत आहे, कुणाच्या पोथीत नाही, हे आधी विचारायचे. आम्हा मास्तरांना ही विद्या थोडीशी ठाऊक असते. मी मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, पण वह्या मात्र ढिगांनी तपासल्या आहेत. बरोबर उत्तर चाळीस वह्यांत सारखेच असते, त्यावरून काही कळत नाही. एकच विचित्र चूक दोन वह्यांत दिसली, की ही दोन मुले शेजारी बसली होती हे कळते. पोथ्यांचेही तसेच. सारख्या चुकांवरून त्यांची घराणी लागतात, आणि घराणी लागली की मूळ पुरुषाकडे जाता येते.

या जर्मन पंडितांच्या मनात फार दिवस एक मोठे काम होते, महाभारताची चिकित्सक आवृत्ती. विंटरनित्स यांनी १८९७ साली पॅरिसच्या प्राच्यविद्या परिषदेत तो विषय काढला. पुढे युरोपातल्या विद्वत्संस्थांनी तो मनावर घेतला आणि १९०८ साली खुद्द ल्यूडर्स यांनी आदिपर्वाच्या थोड्या श्लोकांचा नमुना छापला. मग १९१४ चे युद्ध पेटले आणि योजना जिथल्या तिथे राहिली.

इकडे पुण्यात १९१७ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर उभे राहिले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी महाभारतासाठी एक लाख रुपये देऊ केले, आणि १ एप्रिल १९१९ रोजी वृद्ध भांडारकरांच्या हस्ते कामाला आरंभ झाला. प्रारंभीच्या वर्षांत काम अडखळतच चालले होते. १९२५ साली ते सुकथनकरांच्या हाती आले. जे काम गुरूच्या देशात युद्धाने मोडले ते शिष्याने पुण्यात उचलले, असा हा योग.

महाभारताची निरनिराळ्या पोथ्यांची ताडणी म्हणजे काय प्रकार! मोठ्या कागदावर वरती एक श्लोक लिहायचा, अक्षराला एक घर. खाली एकेका पोथीतला फरक त्या त्या घरात. काश्मीरची शारदा लिपी, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मलयाळम. बंगाली पोथ्यांचे काम शांतिनिकेतनात, दक्षिणेकडच्या काही पोथ्यांचे तंजावरच्या सरस्वती महालात. नुसत्या आदिपर्वासाठी साठ पोथ्या धरल्या. इथे एक गोष्ट सांगायला हवी. पोथ्या जमवून पाठ ताडण्याचे काम आपल्याकडे कुणी केलेच नव्हते असे नाही. गोदाकाठच्या कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर काशीत राहून सतराव्या शतकात तेच करीत होते. पण जे जे चांगले ते ते राखावे ही त्यांची वृत्ती. सुकथनकरांना हवे होते ते जुने, मग ते ओबडधोबड का असेना.

त्यामुळे व्हायचे तेच झाले. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय, ही आपली लाडकी कथा अनेक जुन्या पोथ्यांत मिळेना. ती मूळ संहितेतून निघून परिशिष्टात गेली. गणपतीच्या महाराष्ट्रात हे पचायला सोपे नव्हते! पण टाकून काहीच दिले नाही. ओळन् ओळ तळटीपांत नाही तर परिशिष्टांत जपली आहे. ज्याला हवे त्याने ते वाचावे. मला स्वतःला विघ्नहर्त्यावाचून महाभारताचा आरंभ थोडा सुनाच वाटतो, तरी ताळा असा उघड्यावर मांडून ठेवणाऱ्याशी भांडायचे कसे?

आणखी एक. १९३३ साली आदिपर्व पुरे झाले, त्याच्या प्रस्तावनेत सुकथनकरांनी स्पष्ट सांगितले की ग्रीक-लॅटिन ग्रंथांसाठी युरोपात बसवलेली रीत इथे जशीच्या तशी चालायची नाही. शतकानुशतके सूतांनी आणि कथेकऱ्यांनी सांगितलेला, सांगता सांगता वाढलेला हा ग्रंथ. त्याची एकच एक मूळ प्रत कुठून मिळणार? बर्लिनहून आणलेले माप त्यांनी इथल्या अंगाला बेतून घेतले. नुसती नक्कल करणारा तिथेच अडला असता.

सुकथनकरांमागून संपादकपदी आलेले बेलवलकर हार्वर्डला शिकलेले, आणि त्यांच्यानंतरचे प. ल. वैद्य पॅरिसची डी. लिट. मिळवून आलेले. तीन संपादक, तीन परदेशी विद्यापीठे, आणि काम मात्र पुण्यात! २२ सप्टेंबर १९६६ रोजी राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत त्याची सांगता झाली. पुढच्याच वर्षी इरावतीबाई कर्व्यांचे ‘युगान्त’ आले. ते ज्यांनी वाचले त्यांनी या संशोधित आवृत्तीचे फळ नकळत चाखले आहे. आणि इरावतीबाईही बर्लिनलाच शिकलेल्या, विषय तेवढा मानववंशशास्त्र. आज फराळाचे डबे सातासमुद्रापलीकडच्या वसतिगृहांत जातात, त्या डब्यांच्या धन्यांपैकी एखादा भाषा शिकत असेल तर त्याच्या आईने शेजाऱ्यांसमोर अवघडून जाऊ नये.

सुकथनकरांनी अखेरच्या दिवसांत मुंबई विद्यापीठासाठी चार व्याख्याने लिहिली. महाभारताची चिरफाड करून त्याचा कोणता थर जुना नि कोणता नवा एवढेच सांगणाऱ्या पाश्चात्त्य पंडितांवर त्यांत त्यांनी सरळ टीका केली आहे. ज्याने अक्षर अक्षर मोजले तोच म्हणत होता की या कथेला लौकिक, नैतिक आणि आध्यात्मिक असे तीन पदर आहेत, आणि ती तशीच अखंड वाचली पाहिजे. त्या अध्यात्माच्या पदरावरचे चौथे व्याख्यान त्यांच्या तोंडून ऐकायला मिळाले नाही. २१ जानेवारी १९४३ रोजी ते गेले. चारही व्याख्याने मुंबईच्या एशियाटिक सोसायटीने १९५७ साली छापली.