हिंगण्याची झोपडी आणि पंधरा लाखांचें दान

पुण्याच्या डेक्कन जिमखान्यापासून पश्चिमेस निघणारा कर्वे रस्ता एरंडवण्यांतील महिला महाविद्यालयावरून पुढें जातो आणि कोथरूडांत महर्षि कर्व्यांच्या पुतळ्यापाशीं पोहोंचतो. तेथून हिंगणें जवळच आहे. महाविद्यालयाच्या दारावर श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हें नांव आहे. हें नांव एका दात्याच्या मातेचें. पुतळा आहे तो याचकाचा. दाता आणि याचक यांची स्मृति एकाच रस्त्यावर इतक्या जवळ नांदत असल्याचें उदाहरण क्वचितच आढळेल. एका निर्धन संस्थेनें एका धनाढ्य घराण्याकडे मदत मागावी कशी, आणि मदत मिळाल्यावर आपलें सत्त्व राखावें कसें, या प्रश्नाचा इतिहासच या दोन नांवांमध्यें सांठविलेला आहे.

इ. स. १८९६ मध्यें धोंडो केशव कर्वे यांनीं अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन केली, तेव्हां ते फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. तीन वर्षांपूर्वीं त्यांनीं विधवेशीं विवाह केल्यामुळें समाजाचा रोष ओढवून घेतलेला होता. अशा माणसानें विधवांच्या शिक्षणाकरितां पैसे मागावयास निघणें म्हणजे बंद दारांवर थाप मारणेंच होतें. परंतु अण्णासाहेबांस मागण्याची संवय पूर्वींपासूनची होती, आणि तिची सुरुवात त्यांनीं स्वतःपासून केली होती. आपल्या मिळकतींतील रुपयामागें कांहीं अंश लोककार्यासाठीं बाजूस काढण्याचा त्यांचा नेम होता, व मुरुडच्या ग्रामस्थांकडूनही त्यांनीं याच रीतीनें मुरुड फंड उभारला होता. दुसऱ्यापुढें हात पसरण्यापूर्वीं स्वतःचा खिसा रिकामा करावा, हा त्यांच्या मागण्याचा पहिला नियम होय.

आश्रम आरंभीं शहरांत होता. प्लेगच्या दिवसांत आणि सनातनी मंडळींच्या विरोधांत तो तेथें सुखानें चालणें कठीण होतें. त्या वेळीं रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं हिंगण्याची सहा एकर जमीन आणि एक झोपडी बांधण्यापुरते साडेसातशें रुपये दिले, व १९०० सालीं आश्रम तेथें गेला. शहरापासून ती जागा सुमारें चार मैल दूर, आणि वाट शेतांतून जाणारी. दिवसभर कॉलेजांत शिकवावें व सायंकाळीं चिखल तुडवीत हिंगण्यास यावें, हा अण्णांचा क्रम वर्षांनुवर्षें चालला. ही पायपीट लोकांच्या डोळ्यांसमोर होती, आणि पुढील सर्व देणग्यांची खरी शिफारस तीच ठरली.

त्या काळांतील बहुतेक पैसा लहान लहान रकमांनींच आला. अण्णासाहेबांच्या मेहुणी पार्वतीबाई आठवले स्वतः विधवा होत्या व आश्रमांतच शिकल्या होत्या. वर्गणीसाठीं त्या गांवोगांव हिंडल्या, सभांतून बोलल्या, आणि १९१८ सालीं अमेरिकेस जाऊन तेथें परक्या घरीं घरकाम करून राहिल्या. आश्रमाचा अहवाल व जमाखर्च दरवर्षीं छापून प्रसिद्ध होत असे. ज्याचा रुपया आला त्यास तो कोठें गेला हें समजावें, एवढाच त्यामागील साधा हेतु होता. परंतु अनेक वर्षांच्या अशा अहवालांमुळेंच कर्व्यांचा शब्द मुंबईच्या पेढ्यांवरही चालूं लागला.

१९१५ सालीं टोकियो येथील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका अण्णासाहेबांच्या हातीं आली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत मुंबईस भरणाऱ्या सामाजिक परिषदेचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें, तेव्हां त्यांनीं ती पुनः वाचली आणि भाषणांत हिंदी स्त्रियांसाठीं स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली. मातृभाषेंतून शिक्षण, आणि स्त्रीच्या जीवनाशीं जुळणारे विषय, हे तिचे दोन आधारस्तंभ होते. १९१६ च्या जूनमध्यें विद्यापीठ स्थापन झालें. हिंगण्यांत महाविद्यालय सुरू झालें, तेव्हां त्यांत विद्यार्थिनी होत्या पांच. सरकारची मान्यता नव्हती. मूळ भांडवल नव्हतें. होती ती वर्गणीदारांची यादी आणि अट्ठावन वर्षांच्या एका गृहस्थाची चिकाटी.

अशा संस्थेस मोठें दान मिळावयाचें तर तें कोठून? सरकारचा मार्ग मातृभाषेच्या आग्रहामुळें बंद होता. राहिलीं तीं मुंबईचीं व्यापारी घराणीं. त्यांपैकीं सर विठ्ठलदास दामोदर ठाकरसी हे भाटिया समाजांतील गिरणीमालक. १९११ सालीं लल्लूभाई सामळदासांबरोबर त्यांनीं मुंबईची मध्यवर्ती सहकारी बँक उभी केली होती. अर्थात् पैसा ओतण्यापेक्षां तो फिरता व टिकता ठेवण्याचें शास्त्र त्यांस अवगत होतें. असा मनुष्य केवळ करुणेनें विरघळत नाहीं. ज्या कामांत आपला रुपया पडेल तें काम उद्यां उभें राहील कीं नाहीं हें तो पाहतो.

येथें जपाननें पुनः साहाय्य केलें. सर विठ्ठलदास, लेडी प्रेमलीला व सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या हे जगप्रवासास निघाले असतां त्यांनीं टोकियोचें महिला विद्यापीठ प्रत्यक्ष पाहिलें. जी गोष्ट कर्व्यांनीं पुस्तिकेंत वाचली होती तीच ठाकरसींनीं डोळ्यांनीं पाहिली, आणि हिंगण्याच्या माळावरील पांच विद्यार्थिनींच्या प्रयोगाचा अर्थ त्यांस उमगला. १९२० सालीं त्यांनीं विद्यापीठास पंधरा लाख रुपये देण्याचें ठरविलें. दात्याचें मन वळवावयाचें तें शब्दांनीं थोडें आणि दर्शनानें अधिक, हेंच या घटनेवरून दिसतें.

मात्र पंधरा लाख म्हणजे पंधरा लाखांची थैली नव्हे. ही रक्कम साडेतीन टक्के व्याजाच्या सरकारी रोख्यांची होती आणि विद्यापीठाच्या हातीं यावयाचें होतें तें वार्षिक व्याज, रुपये ५२,५००. मूळ रक्कम ताब्यांत मिळण्यास सरकारी मान्यतेसारख्या अटी होत्या. विद्यापीठास दात्याच्या मातेचें नांव द्यावें आणि कालांतरानें त्याचें मुख्य ठाणें मुंबईस न्यावें, ह्याही अटी होत्या.

अटी ऐकून कोणाच्याही मनांत शंका यावी. जें विद्यापीठ साऱ्या हिंदी स्त्रियांचें म्हणून निघालें, त्यास एका घराण्याचें नांव कां असावें? हिंगण्याच्या मातींत रुजलेलें रोप मुंबईच्या दगडी रस्त्यांवर कां न्यावें? ज्यांनीं वर्षांनुवर्षें चार-चार आणे देऊन ही संस्था जगविली, त्यांच्या दानापेक्षां एका दिवसाचें दान मोठें कसें? हे प्रश्न खोटे नव्हते. त्यांचें उत्तर देतांना कर्व्यांनीं प्राण कोणता आणि वस्त्र कोणतें, याचा विवेक केला. नांव व ठिकाण हीं त्यांनीं वस्त्रें मानिलीं. मातृभाषेंतून शिक्षण हा प्राण. दान स्वीकारूनही विद्यापीठानें मातृभाषा सोडली नाहीं. ज्याला आपल्या कार्यांतील न सोडण्याची गोष्ट कोणती हें ठाऊक असतें, तो बाकीच्या गोष्टी मोकळ्या मनानें सोडूं शकतो. आणि ज्याला तें ठाऊक नसतें, तो पहिल्याच अटीला एक तर भांडण करतो, नाहीं तर सर्वस्व देऊन बसतो.

परंतु कथा येथें गोड शेवटास पोहोंचत नाहीं. सर विठ्ठलदास १९२२ च्या ऑगस्टमध्यें वारले. त्यांचें वय तेव्हां पन्नाशीच्याही आंत होतें. दाता जिवंत असेपर्यंत अटींमागें त्याचा हेतु उभा असतो. तो गेला म्हणजे केवळ कागद उरतो, आणि कागदाचा अर्थ लावणें विश्वस्तांच्या हातीं जातें. विश्वस्तांचाही दोष कसा म्हणावा? दुसऱ्याच्या पैशाचा विनियोग अक्षरास धरून करणें हाच त्यांचा धर्म. पुढें विद्यापीठ व विश्वस्त यांच्यांत मतभेद उत्पन्न झाले व कांहीं काळ वार्षिक रक्कम अडकून पडली. सत्तरी ओलांडलेल्या अण्णासाहेबांनीं याच काळाच्या आगेंमागें, १९२९ ते १९३२ या वर्षांत, युरोप, अमेरिका, जपान व नंतर आफ्रिका असा प्रवास केला. आफ्रिकेंतील हिंदी दुकानदारांकडून विद्यापीठासाठीं वर्गणी गोळा करणारा हा वृद्ध गृहस्थ पंधरा लाखांच्या दानाचा धनी होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे एकाच मोठ्या दात्यावर विसंबणें किती धोक्याचें असतें हें वेगळें सांगावयास नको. अखेर तडजोड झाली, आणि १९३६ सालीं विद्यापीठाचें मुख्य ठाणें मुंबईस गेलें.

जगांत इतरत्रही याच सुमारास खाजगी दानाचें स्वरूप बदलत होतें. अमेरिकेंत जॉन रॉकफेलर यांच्याकडे मदतीसाठीं येणाऱ्या पत्रांचा ढीग इतका वाढला कीं, १८९१ च्या सुमारास त्यांनीं फ्रेडरिक गेट्स या धर्मोपदेशकास त्या कामीं नेमिलें. गेट्सनें किरकोळ भिक्षा बंद करून निवडक मोठ्या कार्यांस घाऊक मदत देण्याची पद्धति घातली, आणि १९१३ सालीं रॉकफेलर घराण्याचा स्वतंत्र निधि स्थापन झाला. आपल्याकडे सर रतन टाटांचा विश्वस्तनिधि १९१९ चा व सर दोराबजींचा १९३२ चा. दात्याच्या दिवाणखान्याची जागा अशा रीतीनें विश्वस्तांच्या कचेरीनें घेतली, आणि याचकासही आपली विनंती त्या बेतानें मांडावी लागली.

पुण्यांतील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचें उदाहरण येथें बोधप्रद आहे. १९१८ सालीं औंधचे अधिपति बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांनीं महाभारताच्या संशोधित आवृत्तीसाठीं एक लाख रुपयांचें अभिवचन दिलें. बाळासाहेब स्वतः चित्रकार, पुराणकथांत रमणारे. भारतासारखें कार्य त्यांच्यापुढें ठेवणें म्हणजे त्यांच्याच अंतःकरणांतील इच्छेला शब्द देणें होतें. ती आवृत्ति पूर्ण झाली १९६६ सालीं; मूळ दात्यास जाऊन तोंवर दीड दशक लोटलें होतें, आणि मधल्या काळांत कित्येक इतर दात्यांचा हातभार लागला होता. पहिल्या मोठ्या दानाचा खरा उपयोग हाच, कीं त्याच्या विश्वासावर दुसरीं दानें येतात.

आजही कोथरूड परिसरांत अंधांसाठीं, वृद्धांसाठीं, मतिमंद मुलांसाठीं झटणाऱ्या लहानमोठ्या संस्था पुष्कळ आहेत, आणि खाजगी घराण्यांचे निधीही पूर्वींपेक्षां वाढले आहेत. त्यांच्या दारीं जाणाऱ्यांस हिंगण्याच्या इतिहासांतून कांहीं गोष्टी सहज घेतां येतील. घराण्यानें पूर्वीं कशाकशास मदत केली याचा अभ्यास आधीं करावा. शाळेस देणाऱ्याकडे रुग्णालयासाठीं जाऊन दोघांचाही वेळ दवडूं नये. आपलें काम थोडें कां होईना, प्रत्यक्ष चाललेलें दाखवावें व दात्यास तेथें आणावें. किती रुपये, कशासाठीं आणि किती वर्षें, हें स्वच्छ सांगावें. मागील हिशेब तपासून घेतलेला व उघडा असावा. ज्या अटी मान्य केल्या त्या दात्याच्या हयातींतच नीट लिहून घ्याव्या, कारण पुढें त्या परक्यांना वाचावयाच्या असतात. नकार आला तरी आभाराचें पत्र धाडावें. आज मिटलेलें दार पुढील वर्षीं उघडूं शकतें. आणि मोठें दान हातीं आलें म्हणून लहान वर्गणीदारांस विसरूं नये. अडचणीच्या वर्षीं संस्था तगते ती त्यांच्यामुळेंच.

सरकारी मान्यतेचा कायदा १९४९ सालीं झाला व १९५१ पासून विद्यापीठ कायदेशीर झालें. त्याच्या पहिल्या कुलगुरु झाल्या त्या लेडी प्रेमलीला ठाकरसी. टोकियोच्या त्या भेटींत पतीसमवेत असलेली ही स्त्री तीस वर्षांनंतरही त्या कार्यास बांधलेली राहिली. घराण्यानें पैसा दिला होताच. पुढें माणूसही दिलें, आणि दानांत हेंच अधिक दुर्मिळ. अण्णासाहेबांनीं तो सोहळा पाहिला, १९५८ सालीं शताब्दीच्या वर्षीं भारतरत्न स्वीकारलें, आणि १९६२ सालीं ते निवर्तले.

हिंगण्याच्या आवारांत १९९१ सालीं मुलींचें अभियांत्रिकी महाविद्यालय निघालें. त्यासही कमिन्स उद्योगाच्या निधीचें साहाय्य लाभलें आणि त्या नांवानेंच तें ओळखलें जातें. साडेसातशें रुपयांच्या झोपडीनें घालून दिलेली रीत अशी अजून चालू आहे. दात्याचें नांव दारावर लागतें, आणि आंत जें शिकविलें जातें तें संस्थेचें असतें. ही विभागणी जोंवर दोन्ही बाजूंस मान्य आहे, तोंवर मागणाऱ्यास लाज वाटण्याचें कारण नाहीं आणि देणाऱ्यास गर्वाचें.